ओख्याचे वीस दिवस

आपल्या या पत्रिकेच्या एका जुन्या अंकात मी लिहिले होते की, त्या काळी मुलींना घरून परवानगी मिळत नसे, म्हणून माझा समुद्रजीवशास्त्राचा अभ्यास ओख्याच्या किनाऱ्यावरच संपला. वाक्य वाचायला बरे होते. पुष्कळांनी भेटून हळहळ व्यक्त केली. मंडळाच्या एका कार्यक्रमात माझा परिचय करून देतानाही ते उद्‌धृत झाले आणि मी मान खाली घालून ते ऐकले. ते खरे नव्हते. ते दुरुस्त करावे म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे. पण त्यासाठी आधी ओख्याविषयी सांगावे लागेल, आणि ओख्याविषयी बोलू लागले की मला आवरत नाही हे माझ्या जुन्या विद्यार्थिनी जाणतात. वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमचे घराणे या बाजूला आले त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. सुरतेतला मराठी माणूस म्हटला की बाहेरच्यांना १६६४ आणि १६७० या दोन स्वाऱ्या आठवतात आणि ते थट्टेने विचारतात, तुम्ही त्यांच्याबरोबर आलात की काय? आमचे पूर्वज घोड्यावरून आले नाहीत. बदलीच्या हुकमावर आले. पणजोबा गायकवाड सरकारच्या नवसारी प्रांतात कारकून होते. नवसारीहून पुढच्या पिढीने सुरतेत नानपुऱ्यात घर केले. मधे काही वर्षे पणजोबांची बदली ओखामंडळात झाली होती. बडोदे राज्याचा तो तुकडा मूळ मुलखापासून तुटून पार काठेवाडच्या पश्चिम टोकाला होता. पाणी खारट, माणसे करडी, पत्र महिन्याने पोचायचे, अशा गोष्टी घरात चालत आल्या होत्या. लहानपणी मूल हट्टाला पेटले की आजी म्हणे, "पाठवा ह्याला ओख्याला." त्यामुळे १९७८ च्या डिसेंबरात, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, प्राणिशास्त्राच्या आम्हा आठ विद्यार्थ्यांना ओख्याच्या सागरी संशोधन केंद्रात वीस दिवस मुक्कामाला जायचे आहे, असे मी घरी सांगितले तेव्हा आजी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "लोक मुलीला सासरी पाठवतात. तुम्ही ओख्याला पाठवा."

नाना, म्हणजे माझे वडील, काही बोलले नाहीत. ते हिशेबनीस होते आणि मोजकेच बोलत. त्यांनी रेल्वेचे वेळापत्रक काढले, विरमगामला मोठ्या रुळांची गाडी सोडून छोट्या रुळांच्या गाडीत किती वाजता बसायचे ते एका चिठ्ठीवर लिहून दिले, आणि बॅटरीसाठी दोन जादा सेल आणले.

ओख्याला रूळ संपतात. गाडी थांबते ती पुढे जमीन नाही म्हणून. समोर पाण्यापलीकडे बेट द्वारका दिसते. तेव्हा तेथे होडीने जावे लागे. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या पाण्यावर सुदर्शन सेतू झाला, आता गाडीतून न उतरता दर्शन घेता येते. केंद्राची इमारत बसकी, लांबट, समुद्राच्या वाऱ्याने रंग उडालेली. आत प्रयोगशाळा, खाऱ्या पाण्याचे हौद, काचेच्या बरण्यांनी भरलेली कपाटे, आणि सगळ्यावर फॉर्मॅलिनचा व सुक्या मासळीचा मिळून एक वास. तो वास चौथ्या दिवसापासून जाणवेनासा झाला आणि घरी परतल्यावर आईने माझे कपडे तीनदा धुतले. आम्हा तिघी मुलींना एक खोली, मुलांना व्हरांडा. जेवणाविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

त्या कपाटांत दोन जाड इंग्रजी ग्रंथ होते. जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाने ओखामंडळाच्या सागरी प्राण्यांविषयी बडोदे सरकारला सादर केलेला अहवाल. पाहणी १९०५-०६ सालची. पहिला भाग १९०९ मध्ये निघाला, दुसरा १९१६ मध्ये. हॉर्नेलने त्याआधी सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांवर काम केले होते, आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारास ओखामंडळाच्या समुद्रातून मोती व शंख यांचे उत्पन्न वाढेल का, हे हवे होते. कारण व्यवहाराचेच होते. पण हॉर्नेल केवळ उत्पन्नापाशी थांबला नाही. त्याने खडकांवरचे, चिखलातले, खोल पाण्यातले प्राणी गोळा केले आणि ओळख पटवण्यासाठी त्या त्या गटाच्या जाणकारांकडे पाठवले. त्यांची टिपणे अहवालात जोडलेली आहेत. कोठे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेला, आणि कोठे ओख्याच्या चिखलातले किडे! राजाने प्रजेची शिरगणती करावी हे समजू शकते. त्याच्या राज्यात समुद्रातल्या स्पंजांचीही गणती झाली, हे मला तेव्हा फार थोर वाटले आणि आजही वाटते.

त्या अहवालात एक प्रकरण खिडकीच्या शिंपल्यांवर आहे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या पातळ, दुधी, पारभासक शिंपल्या बसवलेल्या दिसतात, तो हा प्राणी. याच्या पोटात बारीक मोती सापडतात. दागिन्यांना निरुपयोगी, पण भस्मासाठी त्यांना गिऱ्हाईक असे. वैद्यांच्या पुडीतले मौक्तिक भस्म बहुधा अशाच मोत्यांचे. आजीला खोकल्यावर ते मधातून दिले जाई. मी मनाशी हिशेब केला: हॉर्नेल ओहोटीच्या चिखलात उतरला ती साले आणि पणजोबांच्या ओखामंडळातल्या नोकरीची साले जवळजवळची होती. गोरा साहेब गुडघाभर चिखलात काय शोधतो आहे, असे पणजोबांनी कचेरीच्या ओट्यावरून पाहिले असेल काय? घरच्या एकाही गोष्टीत समुद्र नाही. पाणी खारट, एवढेच.

आता ओहोटीविषयी. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण येते, म्हणजे भरती फार वर चढते आणि ओहोटी फार खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी थोडेच हलते. कोकणातल्या मुलाला हे आईच्या दुधाबरोबर कळते. तापीतून भरतीचे पाणी आमच्या घराच्या पाठीमागेपर्यंत येत असूनही मला ते ओख्याला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, छापील कोष्टकावरून कळले. ओख्याला उधाणाचा चढउतार साधारण तीन मीटरांचा असतो. आखातात आत, नवलखीकडे, तो सहा मीटरांच्या वर जातो. किनारा उताराचा असेल तर तीन मीटर म्हणजे काही विशेष नव्हे. पण अडात्र्याचा खडक सपाट आहे, आणि सपाट खडकावरून तीन मीटर पाणी उतरले की एरवी बुडालेले आख्खे मैदान उघडे पडते.

पौर्णिमा जवळ आली तसे आम्ही पहाटे अंधारात निघू लागलो. सहापूर्वी खडकावर पोचायचे, पाणी उतरत जाईल तसतसे त्याच्या मागे मागे जायचे, आणि ते वळले की आपणही वळायचे. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या पहाटे चंद्र पश्चिमेला समुद्रावर टेकलेला होता आणि घरी दत्तजयंतीची तयारी चालली असेल असे मनात येत असताना माझा पाय एका डबक्यात पडला. बॅटरीच्या उजेडात डबके पाहिले. ताटाएवढे समुद्रफूल पसरलेले होते, हिरवट तपकिरी, शेकडो बोटांचे. त्याला आम्ही पुस्तकात स्टॉयकॅक्टिस म्हणून पाठ केले होते. पुढे शास्त्रज्ञांनी ते नाव बदलले. बोट लावले तर त्याची बोटे चिकटतात, मिठी मारल्यासारखी. पुस्तकातल्या चित्रात त्याला बाण काढून नावे दिलेली असतात: मुख, मुखपटल, स्पर्शके. हे बाण नसलेले होते.

काय काय पाहिले ते सगळे सांगत बसत नाही. प्रवाळ पाहिले, मेंदूसारख्या वळ्यांचे. जांभळी शाई सोडणारा समुद्रससा पाहिला. एक अष्टपाद पाहिला, म्हणजे तो आम्हाला आधी पाहत होता. आम्ही तो दगडच समजलो होतो. लवचीक हातांचे भंगुरतारे पाहिले, ते हात लावताच आपला एखादा हात तोडून देऊन निघून जातात. काम मात्र गंमतीचे नव्हते. दोरी ताणायची, ठरावीक अंतरावर एक मीटरची लाकडी चौकट टाकायची, चौकटीत येईल ते सर्व मोजायचे, ओल्या बोटांनी वहीत लिहायचे. समुद्रफूल जतन करायचे तर ते सरळ फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही, आखडून गोळा होते. आधी मेंथॉलच्या खड्यांनी त्याला गुंगी आणावी लागते, मग स्पर्शके पसरलेली असतानाच ते मरते. हे मी तेव्हा अगदी निर्विकारपणे करीत असे. आज करवणार नाही. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर १९८० मध्ये सागरी अभयारण्य आणि १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, देशातले पहिले. तेव्हापासून त्या हद्दीतून शिंपला उचलून आणणेही गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. या आखातातले प्रवाळ चिवट आहेत. गढूळ पाणी, उन्हाळ्यातला ताप, हिवाळ्यातला गारठा, सगळ्याची त्यांना सवय आहे. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात ऐंशी टक्क्यांच्या वर प्रवाळ पांढरे पडले. कच्छच्या आखातात सुमारे ११ टक्के. ओखामंडळाची माणसे करडी, असे आजी म्हणे. प्रवाळही तसेच निघाले.

केंद्रात एक वृद्ध मदतनीस होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. जन्म बंदरावरच गेलेला, लिहिणे-वाचणे बेताचे, पण कोणत्या खाचेत काय असेल ते घरातल्या फडताळासारखे ठाऊक. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. पाणी समोरून येत नाही, पाठीमागून येते: किनाऱ्याजवळच्या सखल पन्हाळी आधी भरतात आणि समोर खडक कोरडा दिसत असतानाच परतीची वाट बंद होते, म्हणून घड्याळ पाहायचे, समुद्र पाहायचा नाही. दुसरी गोष्ट, दगड उलटून पाहिला की होता तसा परत ठेवायचा.

दुसऱ्या गोष्टीमागचे शास्त्र सरांनी संध्याकाळी समजावले. दगडाच्या वरच्या अंगाला उजेडात वाढणारे शेवाळ असते, खालच्या अंगाला सावलीत व ओलाव्यात जगणारे स्पंज, चपटे किडे, जाळीदार लेससारखे पसरणारे ब्रायोझोआ, आणि नाना प्राण्यांची अंडी. दगड उलटा राहिला तर खालचे उन्हाने मरते आणि वरचे अंधारात. एक दगड, दोन वस्त्या, दोन्ही नष्ट. मी हे वहीत व्यवस्थित लिहून घेतले.

तेराव्या दिवशी मी एक मोठा दगड उलटला. खाली कवडी होती. भवानीच्या आराध्याच्या गळ्यात असते ती आपल्याला ठाऊक, कोरडी, पांढरी, मृत. जिवंत कवडी तशी नसते. तिच्या अंगाची मऊ घडी दोन्ही बाजूंनी कवचावर चढून पाठीवर मिळते. त्या घडीने सतत झाकलेली असते म्हणूनच कवडीला ती झिलई असते. ही कवडी आपल्या अंड्यांच्या पुंजक्यावर बसलेली होती, कोंबडीसारखी. मी हाक मारली, सगळे जमले, चित्र काढले, मापे घेतली, आणि तेवढ्यात परतण्याची शिट्टी झाली. आम्ही धावतपळत निघालो. अर्ध्याअधिक वाटेवर चाचांनी मला विचारले, दगड ठेवलास ना? मी थबकले. ते काही रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेन, घर उघाडुं मूकीने अवाय?" आणि आपली पिशवी माझ्या हाती देऊन मागे वळले. पन्हाळी भरू लागल्या होत्या. सर त्यांना ओरडून परत बोलावीत होते. मी किनाऱ्यावर उभी राहून पाहिले: ते दूरवर वाकले, उभे राहिले, आणि मांडीपर्यंतच्या पाण्यातून सावकाश परत आले. आल्यावर त्यांनी माझ्याकडून पिशवी घेतली, बिडी भिजली म्हणून कुरकूर केली, बाकी काही नाही. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

भांगाच्या दिवसांत प्रयोगशाळेतच काम असे. माझ्या वाट्याला ब्रायोझोआ आले होते. भिंगाखाली एकेक जाळी म्हणजे शेकडो चिमुकल्या खोल्यांची चाळ दिसे, प्रत्येक खोलीत एक बिऱ्हाड. केंद्राचे प्रमुख माझी चित्रे पाहून गेले आणि निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले, परीक्षा झाल्यावर सहा महिने येशील का? या गटावर येथे काम करायला कोणी नाही. मी हो-नाही काही न बोलता हसले.

परीक्षेनंतर, १९७९ च्या उन्हाळ्यात, त्यांचे रीतसर पत्र आले. थोडे विद्यावेतन, राहण्याची सोय. मी ते पत्र नानांपुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले, घडी घातली आणि म्हणाले, "तुझे तू ठरव. मी काही सांगणार नाही." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सहा महिने?" आजी तेव्हा अंथरुणावर होती, तिने काहीच म्हटले नाही. विरोध म्हणावा असे कोणी काही केले नाही. चार दिवसांनी मी अंतर्देशीय पत्रावर नकार कळवला. कारण दिले, घरची परिस्थिती.

खरे कारण मला भीती वाटली. समुद्राची नव्हे. आठ जणांत राहणे वेगळे आणि त्या बसक्या इमारतीत संध्याकाळनंतर एकटीने राहणे वेगळे, ही एक भीती. दुसरी त्याहून मोठी. शेवटच्या आठवड्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने ओळखलेले तीन नमुने प्रमुखांनी शांतपणे चुकीचे ठरवले होते, आणि हॉर्नेलच्या अहवालातली पाने उलटताना मला उमगले होते की या कामाला जी चिकाटी लागते ती माझ्यात आहे की नाही, हे ओख्याला गेले तर कळून जाईल. न गेले तर कळणार नाही. न कळणे मी पसंत केले. बाविसाव्या वर्षी हे इतक्या स्पष्ट शब्दांत नव्हते, पण होते हेच.

लोक विचारू लागले तेव्हा "घरून नाही म्हणाले" हे उत्तर सोपे होते. ते कोणालाही पटे. त्या काळच्या कोणत्याही मुलीविषयी ते पटले असते, आणि पुष्कळींच्या बाबतीत ते खरेही होते. त्यांच्या खऱ्या दुःखाच्या आडोशाला मी उभी राहिले, हेही आज मला बोचते. पुढे लग्न झाले, सुरतेतच, आणि शाळेत विज्ञान शिकवू लागले. १९८६ च्या सुमारास माहेरी सत्यनारायण होता. पुण्याहून नात्यातले एक वडीलधारे आले होते. जेवणे झाल्यावर ते नानांना सर्वांदेखत म्हणाले, "इतकी हुशार मुलगी, आणि तुम्ही अडवलीत? पुण्यात असती तर कोठल्या कोठे गेली असती." मी विडे देत होते. नानांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, प्रश्नार्थकही नव्हे. हिशेबाची वही तपासताना पाहत तसे पाहिले. मग म्हणाले, "हो. तेव्हा जमले नाही खरे." मी पुढच्या पाहुण्यापुढे तबक धरले.

१९९१ मध्ये ते गेले. त्या मधल्या पाच वर्षांत मी कितीतरी वेळा त्यांच्याजवळ एकटी बसले असेन.

शाळेतल्या तीस वर्षांविषयी थोडेच. मुलींना मी दरवर्षी डुमसच्या बाजूला चिखलावर नेत असे, लेवटे दाखवायला. कोकणात याला निवटी म्हणतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती कालवणात आलेली असेल, पण चिखलावर फार थोड्यांनी पाहिली असेल. मासा असून तो पाण्याबाहेर हिंडतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतून व तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेतो. डोळे डोक्याच्या टोकावर, बेडकासारखे. नर मादीचे लक्ष वेधण्यासाठी चिखलावरून सरळ वर उडी मारतो, तेव्हा मुली खिदळत आणि मी त्यांना गप्प करीत असे, कारण पावलांची चाहूल लागली की सगळे बिळांत. ऐंशीच्या दशकापासून हजिऱ्याकडे कारखाने व बंदरे आली, खाजणे आटली, आमच्या जागा दोनदा बदलाव्या लागल्या. दरवर्षी निघताना मी मुलींना पाणी पाठीमागून कसे येते ते सांगत असे. दगडांविषयीही सांगत असे, जरी डुमसच्या काळ्या वाळूत आणि चिखलात उलटण्याजोगे दगड नव्हतेच.

२००६ चा पूर आपणांपैकी कोणाला नव्याने सांगायला नको. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. नानपुऱ्यातल्या माहेरच्या घराचा तळमजला पूर्ण पाण्यात होता. माझी ओख्याची वही तेथे खालच्या पेटीत होती, चौकटींच्या मोजणीसकट, त्या कवडीच्या चित्रासकट. शाळेच्या कपाटात सुरक्षित राहणार नाही म्हणून मीच ती तेथे ठेवली होती. पेटी उघडली तेव्हा आत चिखलाची एक वीट होती. भावाने ती माझ्यासमोर फेकून दिली नाही, मी गेल्यावर फेकली, एवढे त्याने जपले.

माळा मात्र कोरडा राहिला होता. माळ्यावरचे सामान उन्हात काढताना नानांच्या फायली निघाल्या. घरपट्टी, विम्याच्या पावत्या, आजीच्या औषधांची बिले, सगळे सालवार. १९७९ च्या फायलीत ओख्याच्या केंद्राचे मला आलेले पत्र होते. ते मी फाडून टाकले असेल असे मला वाटत होते. त्याला टाचणीने एक दुसरे पत्र जोडलेले. तेही केंद्राचेच, पण नानांच्या नावे. आपल्या चौकशीस उत्तर म्हणून कळवण्यात येते की, स्त्री संशोधकांसाठी स्वतंत्र खोली देता येईल, शेजारी एका कर्मचाऱ्याचे कुटुंब राहते, भोजनाची व्यवस्था त्या कुटुंबाकडे होऊ शकेल. त्यावरची तारीख माझ्या नकाराच्या नंतर आठ दिवसांची होती. म्हणजे त्यांनी माझ्या आधी लिहिले होते, मला न सांगता. आणि उत्तर आले तोवर मी ठरवून मोकळी झाले होते. त्यांनी ते वाचले असेल, टाचणी लावली असेल, आणि फाइल जागेवर ठेवली असेल. मी काही सांगणार नाही, असे म्हटले होते, ते त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

भावाला मी तेव्हा काही बोलले नाही. त्यालाही माझीच गोष्ट खरी वाटत आली आहे, आणि हा अंक तो वाचतो. आमच्या पिढीतले नात्यातले जे लोक सत्यनारायणाच्या त्या दिवशी हजर होते, त्यांतले दोघे-तिघे आपल्या मंडळाचे सभासद आहेत. त्यांच्यासाठी आणि भावासाठी हे छापून यावे अशी माझी इच्छा आहे. जुन्या अंकांचे संच ज्यांनी जपले असतील त्यांनी माझ्या त्या लेखातले परवानगीचे वाक्य कृपया खोडावे.

त्या दुसऱ्या पत्राच्या पाठीवर नानांनी पेन्सिलीने आकडे मांडले आहेत, त्यांच्या सवयीप्रमाणे एकाखाली एक. जाण्यायेण्याचे भाडे, विरमगामपर्यंत आणि विरमगामहून, वेगवेगळे. भोजन, सहा महिने. बॅटरीचे सेल. मेणकापडाची पिशवी, वहीसाठी. आणि बेरजेच्या वर शेवटची ओळ: रबरी बूट, एक जोड, माप विचारणे.